आरोग्यचर्चा : देहाची मोरी

सणावाराच्या आधीं घरांत आवराआवर निघाली कीं प्रथम देवघर, मग माजघर, मग ओटी. आणि सर्वांच्या शेवटीं, हात भरून आल्यावर, मोरी. पाहुण्यास आपण देवघर दाखवितों, दिवाणखाना दाखवितों. मोरी कोणी दाखवीत नाहीं. परंतु ऐन श्रावणांत, घरीं सवाष्ण जेवावयाची असतां मोरी तुंबली, म्हणजे घटकाभरांत सर्वांस कळून चुकतें कीं, हें घर जितकें देवघरावर उभें होतें तितकेंच त्या उपेक्षित कोपऱ्यावरहि उभें होतें. देहाचेंहि असेंच आहे. हृदयावर काव्यें होतात, बुद्धीचा गौरव होतो, डोळ्यांस कमळाची उपमा मिळते. परंतु पाठीच्या बाजूस, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला बसून अहोरात्र काम करणाऱ्या दोन मूत्रपिंडांची आठवण तीं बिघडल्यावांचून कोणास होत नाहीं.

या महिन्यांत हा विषय निवडण्यास एक घरगुती कारण घडलें. आमच्या आत्याबाईंचे यजमान, ज्यांस आम्ही सारे नाना म्हणतों, हे निवृत्त मुख्याध्यापक. वय एकाहत्तर. पहांटे उठून फिरावयास जाणें, मोजकें जेवणें, व्यसन म्हणावें तर एक कप चहाचें. तीन वर्षांपूर्वीं त्यांचा रक्तदाब वाढलेला आढळला व डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या. तीन महिन्यांनीं 'आतां मला बरें वाटतें' असें म्हणून नानांनीं त्या बंद केल्या. गुडघे दुखत, म्हणून दुकानांतून वेदनाशामक गोळ्या आणून त्या मात्र ते नेमानें घेत. दोन महिन्यांपूर्वीं त्यांच्या वहाणेचा अंगठा रुतूं लागला. वहाण आटली नव्हती, पाय सुजले होते. रक्त तपासलें तेव्हां मूत्रपिंडांची कार्यशक्ति सुमारें एक तृतीयांशच उरल्याचें निघालें.

नाना रागावूनच माझ्याकडे आले. "अरे, मला लघवी स्वच्छ होते. रात्रींसुद्धां तीन तीन वेळां उठावें लागतें. मूत्रपिंडें बिघडलीं असतीं तर लघवी बंद नसती का झाली?" प्रश्न मास्तरी थाटाचा होता, पण अडाणीपणाचा नव्हता. शंभरांपैकीं नव्वद सुशिक्षितांची हीच समजूत असते. तेव्हां त्याचें उत्तर येथें सर्वांसाठींच देतों. मात्र त्यासाठीं थोडें मागून सुरुवात केली पाहिजे.

देहांतील केर म्हणजे काय? शौचावाटे जें जातें तोच मुख्य मल, असें आपण समजतों. वास्तविक, मुखापासून गुदापर्यंत गेलेला अन्नमार्ग ही देहाच्या आरपार गेलेली एक बोळ आहे. बोळांतून जो कोंडा न पचतां तसाच बाहेर पडला तो घरांत शिरलाच नव्हता. खरा केर पडतो तो रक्तांत. कारण पचलेलें अन्न रक्तांत जातें, तें पेशींच्या चुलींत जळतें, आणि चूल म्हटली कीं धूर आला, राख आली.

भात, साखर, तूप, तेल हें स्वच्छ जळण होय. तें जळून कार्बन डायऑक्साइड वायु व पाणी एवढेंच उरतें. हा वायु फुप्फुसें बाहेर टाकतात. स्वस्थ बसलेला मनुष्यहि दर मिनिटास सुमारें 200 घनसेंटिमीटर इतका हा वायु उच्छ्वासावाटे सोडीत असतो. फुप्फुसें हें देहाचें धुराडें. परंतु वरण, दूध, दहीं यांतील प्रथिनांत नायट्रोजन असतो, आणि त्याची राख अशी सहज उडून जात नाहीं. प्रथिनें मोडलीं कीं अमोनिया तयार होतो. हें उग्र विष आहे. तें रक्तांत वाढलें तर मेंदू गुंगतो. म्हणून यकृत त्याचें लगोलग युरिया नांवाच्या सौम्य द्रव्यांत रूपांतर करतें. यकृतांतील ही सांखळी हान्स क्रेब्ज व कुर्ट हेन्सेलाइट यांनीं 1932 सालीं जर्मनींत उलगडून दाखविली. हा युरिया, स्नायूंतून येणारें क्रिएटिनिन, पेशींच्या गाभ्यांतून निघणारें यूरिक अम्ल आणि अधिकउणे क्षार, ही सगळी राख पाण्यांत विरघळवून नेणें हें मूत्रपिंडांचें काम.

आणखीहि एक वाट आहे. रक्तांतील लाल पेशी सुमारें 120 दिवस जगतात. दर सेकंदास वीस लाखांच्या आसपास पेशी मोडीत निघतात. त्यांच्या लाल द्रव्यापासून पिवळा रंग तयार होतो, तो यकृत पित्तांत सोडतें, आणि त्याचींच रूपांतरें होऊन मलास तपकिरी व मूत्रास पिवळा वर्ण येतो. ही वाट अडली म्हणजे डोळे पिवळे व मल पांढुरका होतो. राहतां राहिला घाम. आपल्या आयुर्वेदानें पुरीष, मूत्र व स्वेद असे तीन मल सांगितले आहेत. त्यांपैकीं स्वेदाचें प्रधान कार्य देह थंड ठेवणें हें असून केर नेण्याचा त्याचा वांटा अल्प आहे. 'भरपूर घाम काढा, सारें विष निघून जाईल' असें जें हल्लीं सांगतात त्यांत म्हणून फारसें तथ्य नाहीं. मूत्रपिंडांचें काम त्वचा करूं शकत नाहीं.

आतां मूत्रपिंडांकडे वळूं. प्रत्येकाची लांबी सुमारें 10 ते 12 सेंटिमीटर, वजन दीडशें ग्रॅमच्या आसपास. दोन्ही मिळून देहाच्या वजनाचा दोनशेंवा भागहि जेमतेम भरतो. पण हृदयांतून निघालेल्या रक्ताचा जवळजवळ पांचवा हिस्सा, म्हणजे मिनिटास लिटरभर किंवा किंचित् अधिक, या दोघांच्याच वांट्यास येतो. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या आहेत. केशवाहिन्यांचा एक लहानसा गुंता, त्याभोंवतीं वाटी, आणि वाटीच्या बुडाशीं लांब वळणावळणाची नळी, अशी एकेका गाळणीची रचना असते. इटलींतील मार्सेलो मालपीगी यानें 1666 सालीं हे गुंते वर्णन केले; 1842 सालीं इंग्लंडांत विल्यम बोमन यानें वाटी व नळी यांचा सांधा दाखविला. या गाळण्या जन्मापूर्वींच तयार होतात. जन्मानंतर एकहि नवी होत नाहीं. जी गेली ती गेली, हें ध्यानांत धरावें.

या गाळण्यांची रीति मोठी विलक्षण आहे. तांदूळ निवडण्याचे दोन प्रकार कल्पूं. एक, ताटांतून खडे शोधून एक एक वेंचून टाकणें. दुसरा, सगळे तांदूळ ताटाबाहेर ओतून हवे तेवढे चांगले दाणे पुन्हां आंत घेणें व उरलेला ढीग फेंकून देणें. दुसरा प्रकार करणाऱ्या सुनेस सासूबाई काय म्हणतील तें सांगावयास नको! परंतु मूत्रपिंडें नेमकें हेंच करतात. पेशी व मोठालीं प्रथिनें तेवढीं रोखून रक्तांतील पाणी, साखर, मीठ, युरिया असा सर्व माल तीं गाळून नळींत सोडतात. असा गाळ दिवसाकांठीं सुमारें 180 लिटर होतो. पंधरा लिटरची बादली धरली तर बारा बादल्या! देहांत रक्ताचा द्रव सगळा मिळून असतो तीन लिटर; म्हणजे तोच द्रव दिवसांतून साठ वेळां गाळला जातो. मग नळीच्या भिंती त्यांतील साखर बहुतेक सारी, मीठ व पाणी शेंकडा नव्याण्णव भाग परत उचलून रक्तांत घालतात. बाहेर पडतें तें दीड लिटर मूत्र.

इतका खटाटोप कशास? कारण खडे वेंचून काढावयाचे तर प्रत्येक खडा ओळखतां आला पाहिजे. उद्यां एखादें अपूर्व औषध वा अनोळखी द्रव्य पोटांत गेलें, तर त्याची ओळख मूत्रपिंडांस कशी असावी? सर्व बाहेर टाकून ओळखीचें तेवढेंच परत घेण्याच्या रीतींत अनोळखी द्रव्य विरघळलेलें असलें कीं बहुधा आपोआप बाहेरच राहतें. याशिवाय रक्तांतील आम्लता सांभाळणें, रक्तदाबावर नियंत्रण ठेवणें, लाल पेशी घडविण्याचा संदेश मज्जेकडे धाडणें, ड जीवनसत्त्व कार्यक्षम करणें हींहि कामें याच कारखान्यांत होतात. म्हणूनच मूत्रपिंडें थकलीं कीं रक्तदाब चढतो, रक्त फिकें पडतें, हाडें दुबळीं होतात, आणि रोगी अशक्तपणाचें औषध मागत हिंडतो.

आतां नानांच्या प्रश्नाचें उत्तर सहज देतां येईल. मूत्र किती झालें हें पाण्याचें माप झालें. त्यांतून केर किती गेला हें माप निराळें. रोगानें गाळण्या कमी झाल्या म्हणजे उरलेल्यांवर भार पडतो, आणि पाणी परत उचलून मूत्र दाट करण्याची शक्ति बहुधा लवकर जाते. मग निरोगी मनुष्याचें जें मूत्र रात्रीं थोडें व दाट होतें, तें या रोग्यास पुष्कळ व पातळ होऊं लागतें. नानांना जी प्रकृतीची साक्ष वाटत होती, ती रात्रींची उठबस, त्यांच्या बाबतींत रोगाची पहिली खूण ठरली. (रात्रीं उठावें लागण्यास मधुमेह, किंवा उतारवयांतील पुरुषांस होणारी मूत्राशयाखालील ग्रंथीची वाढ, हींहि कारणें असूं शकतात. एवढ्यावरून घाबरूं नये, पण तपासून घ्यावें.) क्रिएटिनिन हें द्रव्यहि असें कपटी आहे कीं निम्म्याच्या आसपास शक्ति जाईपर्यंत तें फारसें वाढत नाहीं. दुखत नाहीं, खुपत नाहीं. घरधनी निजलेला असतां मोरीचें भोंक हळूहळू बुजत जावें तसें हें होतें.

भोंक बुजविणारे मुख्य चोर दोन, मधुमेह व वाढलेला रक्तदाब. त्यांच्या मागोमाग वारंवार होणारे मुतखडे, मूत्रमार्गाचा अडथळा, आणि वर्षानुवर्षें स्वमतानें घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. नानांनीं एका चोरास दार उघडें ठेवलें होतें व दुसऱ्यास घरीं बोलावून चहा दिला होता.

मूत्रपिंडें अगदींच थकलीं तर पूर्वीं वैद्यकापाशीं उपाय नव्हता. 1943 सालीं, जर्मन सैन्यानें व्यापलेल्या हॉलंडमध्यें, काम्पेन या लहान गांवीं विलेम कोल्फ नांवाच्या तरुण डॉक्टरानें लांकडी पिंपाभोंवतीं सेलोफेनची नळी गुंडाळून पहिलें व्यवहार्य कृत्रिम मूत्रपिंड बनविलें. ही नळी मांसाच्या सांडग्यांसारख्या पदार्थास वेष्टण म्हणून तिकडे वापरीत. आरंभींचे बहुतेक सर्व रुग्ण दगावले. 1945 सालीं 67 वर्षांची एक स्त्री वांचली, आणि तेव्हांपासून डायलिसिसचें युग सुरू झालें. पुढें 1954 सालच्या डिसेंबरांत बोस्टन येथें जोसेफ मरे यांनीं एका जुळ्या भावाचें मूत्रपिंड दुसऱ्यास बसविलें. त्यांस 1990 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्या देशांत 1994 सालच्या कायद्यानें अवयवदानास नियम घालून दिले. 2016 सालीं गरीब रुग्णांस जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस मिळावें म्हणून राष्ट्रीय कार्यक्रमहि सुरू झाला. तरीहि आठवड्यांतून बहुधा तीन वेळां, चार चार तास यंत्रास जखडून राहूनसुद्धां जन्मजात मूत्रपिंडांचें सारें काम होत नाहीं, एवढें सांगितलें म्हणजे त्या दोन मुठींएवढ्या अवयवांची थोरवी कळेल.

नानांची वेळ अद्यापि तेथवर आलेली नाहीं. पथ्य व औषध सांभाळल्यास आहे ती शक्ति पुष्कळ वर्षें टिकेल, असें डॉक्टरांनीं स्पष्ट सांगितलें आहे. परंतु घरांत बातमी पसरली आणि त्याच रविवारीं सारे जमले. नानांचे दोघे बंधु आले, दोन्ही मुलें आलीं. पुढें मागें मूत्रपिंड बदलण्याची पाळी आली तर काय, असा विषय निघाला. बंधूंनीं आपापल्या मधुमेहाची चौकशी सुरू केली, मुलगे म्हणाले, "वेळ येईल तेव्हां पाहूं." स्वयंपाकघरांतून हात पुशीत आत्याबाई बाहेर आल्या व म्हणाल्या, "त्यांत पहावयाचें काय आहे? माझें घ्या." आणि मंडळींनीं सुटकेचा निःश्वास टाकून पोह्यांस हात घातला.

तो निःश्वास मला अजून ऐकूं येतो. आपल्या देशांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणाऱ्यांत स्त्रियाच अधिक. बहुधा पत्नी, नाहींतर आई. आणि घेणाऱ्यांत पुरुष अधिक. हें रुग्णालयांच्या नोंदींवरून पुनःपुन्हां दिसून आलें आहे. निरोगी मनुष्यानें नीट तपासणी करून एक मूत्रपिंड दिलें तर उरलेलें वाढून कामाचा बराच भार उचलतें, आणि असें दान थोर आहे यांत शंका नाहीं. परंतु जें न मागतां, न विचारतां, घरांतल्या एकाच व्यक्तीकडून येणार असें सर्वांनीं गृहीत धरलेलें असतें, त्यास दान म्हणावें कीं वहिवाट, याचा विचार आपण केला पाहिजे.

मी आत्याबाईंस म्हटलें, "आत्या, देण्याची गोष्ट राहूं दे, तुझा रक्तदाब कधीं मोजला आहेस?" "मला काय धाड भरली आहे!" असें उत्तर आलें. मोजला तों 170 व 100. पुन्हां दोन दिवशीं मोजला, तरी तितकाच. बाळंतपणानंतर चाळीस वर्षांत त्यांचें रक्त कोणी तपासलें नव्हतें. नानांस आठ दिवसांतून एकदां डोळ्यांत औषध घालावयाचें तें त्यांच्या ध्यानांत असे. पण स्वतःच्या देहाची मोरी पाहण्याचें त्यांस सुचलें नाहीं, व आम्हां कोणासहि सुचलें नाहीं. सुदैवानें मूत्रपिंडें अद्यापि शाबूत निघालीं. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, अशा रक्तदाबांत तुमचें मूत्रपिंड घेतां येणार नाहीं, आधीं तुम्हीच औषध घ्या. त्यावर आत्याबाईंचा प्रश्न काय, तर "म्हणजे यांना माझें चालणार नाहीं?" स्वतःविषयीं एक अक्षर नाहीं.

म्हणून वाचकांस चार गोष्टी सुचवितों. ज्यांस मधुमेह वा रक्तदाब आहे त्यांनीं वर्षांतून एकदां तरी रक्तांतील क्रिएटिनिन व मूत्रांतील अल्ब्युमिन हीं दोन्ही तपासून घ्यावींत. मूत्रांतून अल्ब्युमिन पाझरूं लागणें ही क्रिएटिनिनच्याहि आधींची सूचना असते. लघवीस टिकून राहणारा फेस येत असल्यास उपेक्षा करूं नये. रक्तदाबाच्या गोळ्या बरें वाटण्यासाठीं नसून वाईट होऊं नये म्हणून असतात. त्या आपल्या मनानें सोडूं नयेत. वेदनाशामक गोळी डॉक्टरांस विचारल्यावांचून रोजची करूं नये, आणि कोणत्या धातूचें आहे हें ठाऊक नसलेलें भस्महि घेऊं नये.

मीठ दिवसास पांच ग्रॅमपेक्षां कमी असावें, असें जागतिक आरोग्य संघटनेचें मत आहे. लोणचें, पापड व सांडगे मोजूं लागलों कीं आपल्या पानांत तें किती अधिक असतें तें दिसेल. पाणी तहानेप्रमाणें प्यावें. मुतखड्याची खोड असणाऱ्यांनीं अधिक प्यावें. परंतु ज्यांच्या पायांस सूज आहे त्यांनीं डॉक्टर सांगतील तेवढेंच. रोग्यास शहाळें नेण्याची आपली प्रेमळ चाल आहे. पण मूत्रपिंडांच्या रोग्यास शहाळ्यांतील पोटॅशियम बाहेर टाकतां येत नाहीं, व तें रक्तांत सांचल्यास हृदयास धोका होतो. 'कमी सोडियमचें' म्हणून मिळणाऱ्या मिठासहि, त्यांत पोटॅशियम असल्यामुळें, हेंच लागू. अशा रोग्यांनीं निर्जळी उपवासहि करूं नयेत. देव तेवढ्यानें रागावणार नाहीं.

आणि एक गोष्ट मुलींच्या आयांसाठीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत देहाचे वेग अडवूं नयेत यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. तरीहि शाळेंतील शौचकूप घाण असतो म्हणून सकाळपासून पाण्याचा थेंब न घेणाऱ्या मुली, व प्रवासांत दिवसभर कळ सोसणाऱ्या स्त्रिया आपण रोज पाहतों. यांतूनच मूत्रमार्गाचे दाह उद्भवण्यास वाव मिळतो. शाळेच्या पालकसभेंत गुणपत्रिकेविषयीं जितकें बोलतां तितकें या एका खोलीविषयींहि बोला.

नाना आतां गोळ्या वेळेवर घेतात. त्यांनीं शाळेच्या जुन्या हजेरीपटासारखी एक वही आंखली असून दर रविवारीं सकाळीं दोघांचाहि रक्तदाब मोजून तींत लिहितात. प्रथम आत्याबाईंचा, मग स्वतःचा. गेल्या खेपेस मीं वही पाहिली. दोन्ही रकाने भरलेले होते.

आपल्या घरींहि अशी वही घालावी, आणि जी व्यक्ति सर्वांची औषधें आठवणीनें देते तिचें नांव तींत पहिल्या ओळींत लिहावें, एवढीच विनंति करून या महिन्याची चर्चा पुरी करतों.